वामनरावांच्या नावावर लागलेली चूक

गौरवग्रंथ समितीने पाठवलेल्या मसुद्यात एक वाक्य आहे: 'झाकणाच्या नमुन्यातील चुकीमुळे वामनरावांचे साचाविभागाचे प्रमुखपद हुकले.' त्यांच्या पंचाहत्तरीला हे असे छापले जाणे मला सहन होणार नाही. ती चूक माझी होती. म्हणून लिहिते आहे.

मावला गावच्या सरबताच्या कारखान्यात मी तपासनीस म्हणून लागले, तेव्हा वामनराव सरबताच्या बाटल्यांच्या प्लास्टिक झाकणांचे साचे घडवीत. पहिल्याच आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ताई, बाटल्या पुसून काऊन पाहून राह्यल्या? गिऱ्हाईक बर्फातून काढते अन् तसंच पिळते."

"ओल्या हातांनी नोंदवहीतली शाई पसरते. इथे पुसूनच तपासतात."

"मंग शाई पिणार हाये का कोणी?"

मला राग आला. नव्या झाकणाच्या कडेच्या खाचा उथळ राहिल्याची शंका त्यांची त्यांनाच होती. ओल्या हातांनी एकदा पाहा, एवढेच ते म्हणत होते. मी कोरड्या हातांनी झाकण उघडले आणि नमुना मंजूर केला.

महिन्याभरात बेल्लमपल्लीहून एक बाई सुजलेल्या गालाने कारखान्यात आल्या. झाकण हातातून निसटले, म्हणून त्यांनी दात लावला होता, तो तुटला. "झाकणालेच दात लागते, तर सरबत काय चावून प्यायचं?" त्यांनी व्यवस्थापकांना विचारले.

"हे कोणाचं काम?" व्यवस्थापक कडाडले.

"साचा माह्या हातचा हाये, साहेब," वामनराव म्हणाले.

मंजुरीचा कागद मी टेबलाच्या खणातच राहू दिला. प्रमुखपद दुसऱ्याला गेले.

त्यानंतर वामनराव रोज बर्फाच्या बादलीत हात बुडवून झाकणे उघडत बसत. मग पॅकिंगच्या बायकांना बोलावीत. "माहे हात लोखंडाचे. यांच्याकडून उघडलं तर खरं." त्यांनी खाचा खोल आणि दाट केल्या, आट्यांची पकड किंचित सैल केली. तशी तक्रार पुन्हा आली नाही.

"तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?" मी पुढे एकदा विचारले.

"तुमची नोकरी कच्ची होती, ताई. माही पक्की. पद गेलं, हात तर हायेत ना?"

इतकी वर्षे झाली, हे उत्तर मला स्वस्थ बसू देत नाही.

वामनरावांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो; आणि त्यातला एकही दिवस दुसऱ्याची चूक अंगावर घेण्यात न जावो.

लेखासोबत समितीच्या चिटणिसांकडे दिले: जुनी झाकणे दोन, सुधारलेली दोन, नमुना-मंजुरीचा मूळ कागद एक. त्यावर सही एकच, माझी.