विजयमालानं मान हलवली

विजयमालाचं माहेर औंधाकडचं. जत्रेला तिथं तमाशाचा फड उतरायचा. बाप्ये मैदानात जाऊन बसायचे; चांगल्या घरच्या बायका-पोरींनी त्या वाटेला बघायचंसुद्धा नाही, अशी रीत. पण ढोलकी काय कुणाच्या रीतीभातीला बांधलेली असते? ती माळ ओलांडून थेट परसात यायची, आणि चुलीपुढं बसलेल्या विजयमालाचा हात भाकरीवर तिच्याच तालात पडायचा. आई करवादायची, "आगं, भाकरी हाय का डफ हाय?"

लग्न होऊन ती कृष्णाकाठी, वाळव्याकडं आली, आणि ढोलकी तिकडंच राहिली. सासर बागायतदार. चहूबाजूंनी ऊस, माणसांचा राबता, आणि मानपानाचं तर विचारूच नका. सोप्यात रेडिओ होता, तो थोरल्या दिराचा, भाऊसोचा. त्यावर बातम्या आणि बाजारभाव. मधल्या खोलीत टीव्ही, तो सगळ्यांचा. विजयमालाच्या एकटीचं म्हणावं असं त्या घरात काही नव्हतं. बाईला शिंक आली तरी ती चौघांत वाटून जायची.

नवरा लालासाहेब पलटणीत हवालदार. शहाण्णव साली तो शांतिसेनेबरोबर आफ्रिकेला जाऊन आला आणि उन्हाळ्यात रजेवर आल्या आल्या बायकोला म्हणाला, "सांग, काय घ्यायचं तुला? साडी सोडून सांग."

विजयमालानं बराच विचार केला. मग म्हणाली, "गानं ऐकायचं कायतरी. पर मोठ्यानं न वाजनारं."

दोघं सांगलीला गेले. लग्नाला अठरा-एकोणीस वर्षं होत आली होती, पण नुसतं दोघांनीच एसटीत बसून कुठं जायची ही पहिलीच वेळ. दुकानदारानं पहिल्यांदा कपाटाएवढा डेक पुढं ओढला.

"वहिनी, हा न्या. ह्याच्यापुढं कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा नाही."

"आन कुनालाच ऐकू जानार न्हाई, असा हाय का?"

दुकानदारानं लालासाहेबाकडं बघितलं. "पावणं, लोक आवाज मागत्यात. ह्या बंदोबस्त मागायल्यात."

मग त्यानं कॅसेटचा वॉकमन दाखवला. विजयमालानं कानाला लावला आणि काढला. म्हणाली, "गान्याच्या मागं कुनीतरी भजी तळतंय."

लालासाहेब खो खो हसला. दुकानदार मात्र हसला नाही. त्यानं आतून एक चपटा, वाटोळा डबा आणला. झाकण उघडून त्यात चांदीसारखी चकती बसवली. "हे डिजिटल. ह्यात तळणं-बिळणं काही नाही. निव्वळ गाणं."

शेंगदाण्याएवढी दोन बोंडं त्यानं तिच्या हातात दिली. विजयमालानं ती पदराखालून कानात घातली, आणि तिनं काउंटरची कड घट्ट धरली. ढोलकी वाजत होती. नुसती वाजत नव्हती. कातड्यावर घासत जाणारा अंगठासुद्धा ऐकू येत होता. माळ नाही, परसू नाही, मधे कुणीच नाही. समोर लालासाहेबाचे ओठ हलत होते, दुकानदाराचे हलत होते, आणि तिला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला ढोलकीपेक्षा तेच जास्त आवडलं.

"ह्योच," ती म्हणाली. जरा ओरडूनच म्हणाली.

दुकानदारानं बजावलं, "ह्याला धक्का चालत नाही, वहिनी. हललं की गाणं अडखळतंय. मांडीवर ठेवून गप बसून ऐकायचं."

"आमच्या घरात बाई गप बसलेली कुनी बघितलीया व्हय?" लालासाहेब म्हणाला. चकती निवडायची वेळ आली तेव्हा तिनं न बोलता लावण्यांच्या चकतीवर बोट ठेवलं. लालासाहेबानं मिशीवरून हात फिरवला. "बरं. पर आयेला सांगताना अभंग हाय म्हन."

रजा संपली, लालासाहेब गेला. आता ऐकायचं कुठं? चुलीपुढं बसलं की सासू हाक मारायची, गोठ्यात गेलं की गडी यायचा, खोलीत दार लावलं की भरदिवसा दार लावायला काय झालं म्हणून विचारणा. बसलेल्या बाईला उठवलं नाही तर त्या घराला अन्न गोड लागत नसे. सगळ्या घरात एकच जागा अशी होती की तिथं बसलेल्या बाईला कुणी उठवत नव्हतं. देवघर.

विजयमाला देवघरात बसू लागली. पाटावर मांडी घालायची, डबा ओच्यात ठेवायचा, बोंडं कानात, वर पदर. धक्का लागू नये म्हणून पाठ ताठ. डोळे मिटलेले. हलायची ती फक्त मान, तीसुद्धा समेला. थाप पडली की हळूच खाली.

सासू रंगूबाई उंबऱ्यातून बघायची आणि माघारी फिरायची. आल्यागेल्याला सांगायची, "आमची धाकली लय देवाची झालीया. ल्योक सरहद्दीवर गेला की ही पाटावर बसती." विजयमालाला हे ऐकून आधी लाज वाटली, मग हसू आलं. मग सवय झाली. देवाच्या आडून मिळणारा तो अर्धा तास तिनं असा धरला, जसं तान्हं पोर थान धरतं.

आता घरात त्या वर्षी एकच विषय होता: पोरीचं काय करायचं. विजयमालाची एकुलती एक लेक संयोगिता बारावीला होती. तिला सांगलीला जाऊन फार्मसी करायची होती. लालासाहेब जाताना म्हणून गेला होता, "बारावी हू द्या, मग बघू." पण भाऊसोनं पाटणकडचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. पोरगा साखर कारखान्यात कायम, घरचा ऊस, एकुलता एक. त्यांना तुळशीचं लग्न झालं की पहिल्याच मुहूर्ताला बार उडवायचा होता. परीक्षेआधी.

विजयमाला जन्मात पहिल्यांदा कशावर अडून बसली होती. थोरला दीर भावजयीशी थेट बोलत नाही. आईकडं तोंड करून बोलतो. तसा भाऊसो रंगूबाईला म्हणायचा, "आये, म्हनावं पोरगी शिकून काय गोळ्या इकनार हाय का?" आणि विजयमाला रंगूबाईलाच उत्तर द्यायची, "आत्या, भावजीस्नी सांगा, इकंल. इकनाऱ्याच्या हातात दुकान तरी आसतंय."

रंगूबाई मधल्या मधी. तिनं देवीला कौल लावला. मूर्तीला फूल चिकटवून उजवं पडतंय का डावं, वाट बघत बसली. फूल पडलंच नाही. "देवी इचारात हाय," म्हातारी म्हणाली, आणि विषय नवरात्रावर गेला.

नवरात्रातल्या शुक्रवारी विजयमाला न्हायली होती. उपास होता. केस मोकळे, वरून पदर, आत बोंडं. घटापुढं उदबत्त्यांचा धूर. सुगीची गडबड म्हणून आदल्या दिवशी बसायला मिळालं नव्हतं, त्यामुळं ती जरा जास्तच रंगली होती. बैठकीची लावणी, संथ, ठाय लयीतली. मान मोकळी सुटली होती.

शेजारची भामाबाई ओटी घेऊन आली ती उंबऱ्यातच थबकली. मोकळे केस, मिटले डोळे, ताठ पाठ, हलती मान. तिनं तबक तिथंच खाली ठेवलं.

"रंगूआक्का! आवं या! आई आली अंगात!"

रंगूबाई धावली. पाठोपाठ आळीतल्या बायका. कुणी कापूर लावला, कुणी पायावर म्हणून पाणी घातलं. ते पाटाच्या कडेनं वाहून गेलं. म्हातारीनं पदर पसरला आणि जे पोटात होतं तेच ओठावर आलं.

"आई, पोरीचं लगीन उरकू का ह्याच सालाला?"

थाप पडली. मान खाली आली.

"पाटनचं स्थळ धरू का?"

मान खाली आली.

म्हातारीच्या डोळ्यांतनं पाणी. भामाबाईनं पुढं होऊन कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट भरला. त्या गार बोटानं विजयमाला दचकली. डोळे उघडले तर समोर बायकांची रांग, हात जोडलेले. पहिला विचार मनात आला तो असा: सापडले. तिनं झटक्यात पदर पुढं ओढला. "गेली, आई गेली," बायका पुटपुटल्या. मग तिच्या ध्यानात आलं की आपण सापडलो नाही. तिला एवढं हायसं वाटलं की बायकांनी काय विचारलं होतं, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. मळवट पुसून ती शेंगा निवडायला गेली.

चुलीपुढं संयोगिता उभी होती. पुस्तक छातीशी धरलेलं.

"आई, तू व्हय म्हनलीस?"

"कशाला?"

पोरीनं सांगितलं.

सोप्यात तोवर भाऊसोनं पाटणला फोन लावलासुद्धा होता. "पावनं, आता आमच्या हातात काय न्हाई. देवीनंच दिलीया पोरगी." त्यानं फोन ठेवला आणि मागं वळला तर दारात विजयमाला. तिनं रीत सोडली आणि थेट त्याच्याशीच बोलली.

"भावजी, माझ्या अंगात कायबी आलं न्हवतं."

भाऊसोनं आईकडं तोंड केलं. "आये, सांग तिला. ज्याच्या अंगात येतं त्याला कुठं ठावं आसतं?"

"आवं, मी गानं ऐकत हुते!"

"आसं वाटतंय खरं," भामाबाई मायेनं म्हणाली. "माझ्या जावंला तर येताना समई बोलतीया वाटायची."

विजयमाला आत गेली आणि डबा घेऊन आली. आता झाकून काय ठेवायचं? तिनं बोंड रंगूबाईच्या कानात घातलं आणि कळ दाबली. म्हातारीनं ऐकलं. आधी भुवया वर गेल्या. मग तिनं बोंड इंगळी निघाल्यासारखं कानातनं उपटून काढलं.

"भामा, जा तू घरला. परसाद मागनं पाठवते."

भामाबाई गेली. म्हातारीनं दार ओढून घेतलं.

"लावनी? देवापुढं?"

"चुकलं आत्या. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पर पोरीचं मोडा. देवी न्हाई काय बोलली. ही मान माझी हाय."

भाऊसोनं डब्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं. रंगूबाईलाही कळलं होतं. त्या घरात त्या घडीला देवी आली होती असं मानणारं एकही माणूस नव्हतं. आणि तेवढ्यात बाहेर ओसरीवर भामाबाईनं गोळा केलेल्या बायका ओट्या घेऊन उभ्या राहिल्याची कुजबुज सुरू झाली होती.

म्हातारी हळू आवाजात बोलली, आणि तो आवाज शिवीपेक्षा वाईट होता.

"ऐक. त्यास्नी खरं सांगितलंस तर सारा गाव म्हनंल, हवालदाराची बायकू देव्हाऱ्यापुढं बसून तमाशा ऐकती. मग पोरीला पाटनचं न्हाई आन कुठलंच स्थळ याचं न्हाई. सांगलीला शिकाय गेली तर म्हनतील, आईचीच लेक. देवी म्हनलीस तर तुझीबी अब्रू ऱ्हाती, आमचीबी. दार मी उघडते. तुला काय बोलायचं ते बोल."

दार उघडलं. बायका आत आल्या, वाकल्या, ओटीत नारळ घातले. विजयमालानं डब्यावर पदर ओढून घेतला.

लालासाहेबाचा फोन आला तेव्हा तिला वाटलं, हा तरी. त्यानं सगळं ऐकून घेतलं. दुकानातला तो दिवस त्यालाही आठवला असणार. मग म्हणाला, "दादानं शब्द दिलाया. आता मी हितनं काय करू? तू मान कशाला हलवलीस?"

"आवं, गान्याला हलवली!"

"बायकांच्या मेळ्यात गान्याला मान हलवायची आसती व्हय? फौजेत आसतीस तर..." पुढचं तिनं ऐकलं नाही. फोन संयोगिताच्या हातात दिला, तर पोरीनं तो तसाच खाली ठेवला.

तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ संयोगिताचं. हॉल तिकीट शाळेत येऊन पडलं, ते आणायला कुणी गेलं नाही. मांडवात लोक विजयमालाच्या पाया पडत होते. नवऱ्या मुलाची आई तर म्हणाली, "आमची सून देवीच्या पोटची हाय." संयोगितानं मान वर करून आईकडं एकदाच बघितलं. रागानं बघितलं असतं तर विजयमालाला बरं वाटलं असतं.

पुढं शुक्रवारी बायका यायला लागल्या. कुणाची म्हैस आटलेली, कुणाचा नवरा पिणारा. रंगूबाई त्यांना पायरीवर बसवायची आणि आत येऊन म्हणायची, "जरा बस गं पाटावर." विजयमाला बसायची. कानात काही नसायचं. बायकांचं सगळं बोलणं तिला ऐकू यायचं, एकूण एक, आणि तिची मान लाकडासारखी ताठ राहायची. बायका म्हणायच्या, देवी रुसलीया. आणि दुप्पट ओटी घेऊन यायच्या.

पहिल्या संक्रांतीला संयोगिता माहेरी आली. अंगावर काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, हाताला भाकरीचे चटके. काय विचारलं की "बरं हाय" म्हणायची. नवरा कसा आहे? बरं हाय. सासू? बरं हाय. जायच्या दिवशी विजयमालानं तिची पिशवी भरली. तिळाच्या वड्या, शेंगांची चटणी, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळून तो डबा.

पोरीच्या हाताला तो लागला. तिनं बाहेर काढला.

"ह्यो नको मला."

"आसू दे की गं. नवीन सेल घातल्यात. घटकाभर तुझी तू ऐकत बस कुठंतरी. कुनाला ऐकू जात न्हाई."

"तेच तर," संयोगिता म्हणाली. "तिकडं मला कोन कवा काय इचारंल त्याचा नेम न्हाई. मला ऐकू आलं पायजे."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. तिनं डबा जात्यावर ठेवला, वाकून आजीचे पाय शिवले. आईपुढं मात्र वाकली नाही. पिशवी उचलली आणि गेली.