मामांचा सुगंधी डबा

माझे मामा तंबाखूनेच गेले. आज वर्ष झालं.

खोटं लिहून काय करू?

धानोऱ्याला जंगल खात्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. बदली होऊन जाताना एका साहेबांनी त्यांना आपला पाइप दिला. साहेब गेले, पाइप राहिला.

पाइपची तंबाखू आमच्याकडे कुठून मिळणार? मामा बाजारातून तंबाखूचं साधं पान आणायचे, बारीक कापायचे. मोहफुलं आणि गूळ उकळून ते पाणी शिंपडायचे. सावलीत सुकवून पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद.

"हे सुगंधी," म्हणायचे.

एकदा मी म्हटलं, "मामा, वास तर सगळ्याच तंबाखूले असते."

"तो पानाचा, बापू. त्याले सुगंधी नाई म्हणत. वरून काही घातलं, अन् पेटवल्यावर तेच आधी कळलं, तं सुगंधी. तुह्या देवाच्या उदबत्तीत काय नुसत्या काडीचा वास असते?"

मग हसले. "अन् गंमत सांगू? ओढणाऱ्याले कमीच येते. खरा वास बाजूच्याले."

मामी आतून म्हणाली, "हो ना. माह्या साऱ्या साड्याईले येऊन राह्यला."

मी रोज देवापुढे हात जोडतो. सोडा म्हणून मामांपुढेही जोडले. देवापुढे अजून जोडतो.

मामांच्या फुप्फुसात गाठ निघाली. शेवटी चंद्रपूरच्या दवाखान्यात नाकात ऑक्सिजनची नळी होती.

"डबा आण," म्हणाले. "ओढत नाई. फक्त वास घेतो."

आणला. सिस्टरला विचारून झाकण उघडलं, नाकाजवळ धरलं. मामांनी डोळे मिटले.

दोनदा नाकाने ओढून पाहिलं.

"नाई येऊन राह्यला."

मी चिमूटभर तंबाखू बोटांत चोळून धरली. त्यांनी मान हलवली. नाही.

"तुले येते का?"

"येते, मामा. मोहाचा. मस्त येते."

"मग झालं," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

आज फोटोपुढे उदबत्ती लावली आणि डबा उघडला.

मोहाचा वास उडत चाललाय. वरून घातलेला ना, तोच आधी जातो. खाली नुसतं पान उरतंय, कडू.

घरात मोहफुलं आहेत, गूळही आहे. पण पुन्हा शिंपडायला हात धजत नाही. मामा, याच तंबाखूने तुम्हाला नेलं.

फेकवतही नाही.

झाकण लावून ठेवलंय.

मामा, जिथं असाल तिथं श्वास मोकळा असू द्या.

मले अजून येते वास. थोडासा.