मॅडमनी न प्यायलेलं पाणी

गेल्या हिवाळ्यात नातवाचं जावळ होतं. जेवणं उरकली होती, पाव्हणे मांडवाखाली पाय पसरून बसले होते, आणि आमच्या नणंदेचे मालक, म्हणजे दाजी, हातात पाण्याचा तांब्या घेऊन सरकारची झाडाझडती घ्यायला लागले. दाजी शहरात राहतात, नोकरीतून रिटायर झालेत, त्यामुळं सरकारनं काय करावं हे त्यांना रोज नव्यानं सुचतं. त्या दिवशी पाळी प्रदूषणवाल्यांची होती. त्यांचं म्हणणं, हे खातं उद्या बंद केलं तरी कुणाचं काही अडणार नाही. गाड्या, ऑफिसं, पगार, पेन्शनी, सगळं तुमच्या-आमच्या पैशातनं, आणि करतात काय, तर बाटलीत पाणी भरून नेतात.

बाटलीत पाणी भरून नेतात म्हणे! माझ्या हातातल्या खरकट्या पत्रावळ्या मी तिथंच खाली ठेवल्या. मी तोंडाची तिखट आहे, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडं मान्य आहे. पण त्या दिवशी नुसता राग नव्हता. दाजी बोलता बोलता ज्या तांब्यातनं घोट घेत होते, त्यातलं पाणी आमच्या विहिरीचं होतं.

ही विहीर माझ्या सासऱ्यांनी, मामांनी, पाडली. तरुणपणी मामा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. पाणी नेहमी दुसऱ्याचं. मागायचं, दिलं तर पाजायचं, हाकललं तर तहानलेली मेंढरं तशीच पुढं न्यायची. हिंडणं सोडलं तेव्हा त्यांनी आधी घर बांधलं नाही, विहीर पाडली. खडक लागला, सुरुंग लावले, आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, अंगावरचं सोनं गेलं, पण पाणी लागलं. आमची वस्ती चार घरांची, सोलापूरच्या बाहेर, कारखान्यांच्या मागल्या अंगाला, ओढ्याच्या काठी. तेव्हा नळ आलेला नव्हता. माणसं, मेंढरं, थोडी ज्वारी, सगळं त्या एका विहिरीवर. ती नासली असती तर मामांना म्हातारपणी परत दुसऱ्याच्या दारात पाण्याला उभं राहावं लागलं असतं.

तर सात-आठ वर्षांमागं मामांचं धोतर गुलाबी झालं.

मामा असे खवळले की विचारू नका. सूनबाईनं रंग जाणाऱ्या लुगड्याबरोबर धोतर भिजवलं, असा भर अंगणात माझ्यावर आळ. मी म्हटलं, माझ्या पेटीत एक तरी गुलाबी लुगडं दाखवा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या देखत, विहिरीच्या काठावर, दुसरं धोतर एकटंच धुतलं आणि वाळल्यावर त्यांच्या हातात दिलं. तेही गुलाबी. मामा धोतर हातात घेऊन विहिरीत वाकले. माझ्यावरचा आळ गेला, पण त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही. पाण्याला घाण वास यायला लागला होता. मेंढरं तोंड लावायची आणि मागं फिरायची.

आणि तो रंग मी ओळखला होता. रोज तोच माझ्या मांडीवर असायचा. मी घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवायचे. तिथल्याच एका कारखान्यातला माणूस गाडीवरनं गठ्ठे आणून टाकायचा आणि शिवलेले घेऊन जायचा. त्या दिवसांत गुलाबी माल चालू होता. मी आमच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं, तर ते म्हणाले, गप बस, मशीन बंद पडंल. माझ्या मशीनवर घरातलं बरंच काही चालायचं, म्हणून मी गप बसले. मग एक दिवस मामा पलीकडच्या वस्तीवर घागर घेऊन गेले आणि रिकामीच घागर घेऊन परत आले. घागर पालथी घातली आणि मेंढरांकडं गेले. मी तेव्हाच बाटली भरली.

प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात पहिल्यांदा, खरं सांगायचं तर, सगळीकडं होतं तेच झालं. अर्ज लिहून आणा, साहेब मीटिंगला गेलेत, बुधवारी या. मी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ह्या पाण्याचा चहा करून बघा. आवाज जरा चढलाच असावा, कारण आतल्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या. तिशीच्या आतबाहेरच्या, घट्ट वेणी, पायात पुरुषांसारखे बूट. त्यांनी बाटली उजेडाला धरली, हुंगली, मला खुर्ची दिली आणि अर्ज तिथंच बसवून लिहून घेतला. त्या अक्कलकोटकडच्या. मराठी बोलताना मधेच कानडी हेल लागायचा. मंगळवारी येऊन बघते म्हणाल्या.

आणि इथं आमच्या वस्तीनं घोळ घातला. आमच्याकडं साहेब येणार म्हटलं की आधी झाडलोट. शाळा तपासायला येवोत नाहीतर अंगणवाडी, रस्त्यावर पाणी मारायचं, चुन्याचा हात द्यायचा, पोरांची नाकं पुसायची. मामांनी फर्मान सोडलं, बाई लांबून येणार, तिला काय घाण दाखवायची व्हय? सगळी भावकी कामाला लागली. मोटर लावून विहीर उपसली, गाळ काढला, कडा घासल्या. नवं पाणी झिरपून आलं तशी त्यात ग्रामपंचायतीतनं आणलेली, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली, वर तुरटी फिरवली. मंगळवारी विहिरीचा तळ दिसत होता. काठावर रांगोळी होती. ती मीच काढली होती.

मॅडम जीपमधून उतरल्या. मामांनी घासलेल्या तांब्यात त्याच विहिरीचं पाणी आणि वाटीत गूळ पुढं केला. मॅडमनी गुळाचा खडा घेतला, पाणी घेतलं नाही. माझ्याकडं आहे आजोबा, म्हणाल्या आणि स्वतःची बाटली दाखवली. मामांचा हात तसाच पुढं राहिला. दारातलं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मग त्या विहिरीपाशी गेल्या आणि पावडरीचा वास कसला म्हणून विचारलं. मामा रुसलेले होते, तरी केलेलं काम सांगायचा मोह त्यांना आवरला नाही. उपसा, गाळ, पावडर, तुरटी, सगळं सांगितलं. मॅडम माझी रांगोळी चुकवून दगडावर टेकल्या आणि कपाळाला हात लावला.

"आजोबा, तुम्ही पुरावाच धुवून टाकला की."

नमुना त्यांनी तरीही घेतला. मला बाजूला घेऊन सांगितलं, हा आता चांगलाच येणार, कागदावर तुमची विहीर शुद्ध ठरणार. पुन्हा हात लावू नका, पिऊ नका, टँकरचं मी बघते, आणि परत येईन ते न सांगता येईन. जीप गेल्यावर मामा म्हणाले, लई शिकलेली दिसती, आपलं पानी चालंना तिला, पुन्हा आली तर पान्याला इचारायचं न्हाय. मालक म्हणाले, मी सांगितलं होतं, नुसती पगारी माणसं. मला त्या दोघांचा राग आला आणि खरं तर मॅडमचाही आला. एक घोट घेतला असता तर काय बिघडलं असतं, असंच वाटत होतं मला.

टँकर मात्र आठवडा उलटायच्या आत आला. तो त्यांनी कुणाकुणाच्या मागं लागून आणला, ते मला नंतर कळलं. ते त्यांचं कामही नव्हतं.

रंग पुन्हा चढला, आणि मॅडम आल्या त्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी. त्यांचीही सुट्टीच होती. सोबत ड्रायव्हर आणि बर्फ भरलेली पेटी. म्हणाल्या, ज्याला चोरून सोडायचंय तो सगळ्यांच्या नजरेसमोर कशाला सोडेल? आणि ओढ्यात उतरून वरच्या अंगाला चालायला लागल्या. मीही पदर खोचून मागं. सगळं वेड्या बाभळीचं रान. एक काटा त्यांच्या बुटाच्या तळातून आरपार गेला. मी बांगडीतली पिन काढून तो उकरला. पाय रक्तानं भरला, पण बाई एवढंच म्हणाली, हळू की हो. मग बूट घालून परत पुढं. माझ्या मनातला राग तिथंच बसला, त्या बाभळीखाली.

वर एका वळणाला दगड आणि गोणपाट टाकून झाकलेला पाइप सापडला. गुलाबी पाणी, वाफा निघत होत्या. मॅडमनी वेगवेगळ्या बाटल्या भरल्या, सील केल्या, चिठ्ठ्या लावल्या, पंच म्हणून माझी सही घेतली. पण पाइप जमिनीखालनं आलेला, आणि वर एकाला लागून एक कारखाने. मॅडम म्हणाल्या, हा रंग कोण वापरतं एवढं कळलं तर सरळ त्याच दारात जाता येईल.

मला माहीत होतं. मी घरी आले. मालक दारात उभे होते. मी त्यांच्या बाजूनं आत गेले आणि गठ्ठ्यातला एक टॉवेल ओढला. ते बाजूला सरले. टॉवेल मॅडमच्या हातात दिला आणि कुठला ते सांगितलं. त्यांनी टॉवेल बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"तुमचं मशीन बंद पडेल, ताई."

मी म्हटलं, पडू दे.

आणि पडलंच. तपासण्या झाल्या, नोटिसा गेल्या, कारखान्याची वीज आणि पाणी तोडलं, आणि माझ्या मशीनवर आत्याबाईंनी लोणच्याच्या बरण्या मांडल्या. वस्तीतल्या ज्या बायका तिथं कामाला जात होत्या त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मालकांचं तोंड वेगळ्या दिशेला. ते दिवस वाईट गेले, ते मी गोड करून सांगणार नाही. एकदा तर मी फोन करून मॅडमवरच ओरडले, आमच्या पोटाचं काय म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, कारखाना मला बंद ठेवायचाच नाही, पाणी साफ करायची यंत्रणा बसवून चालू करायचाय, आणि मी रोज त्याच्याच मागं आहे. आणि खरंच होत्या. यंत्रणा बसली, कारखाना चालू झाला, बायका कामाला लागल्या, माझ्याकडंही गठ्ठे यायला लागले. पाव्हण्यांना खोटं वाटतं, पण त्या कारखान्यातनं बाहेर पडणारं पाणी आता गुलाबी नाही, साधं पाण्यासारखं दिसतं.

मॅडम येतच राहिल्या, न सांगता. विहिरीचं पाणी, ओढ्याचं पाणी, कारखान्याच्या तोंडचं पाणी. उपसा करा म्हणाल्या तेव्हा उपसा केला, थांबा म्हणाल्या तेव्हा थांबलो. आणि मामांनी आपला शब्द पाळला. इतक्या वेळा बाई दारात आली, पण पाण्याला विचारलं नाही. चहाला विचारायचे, टँकरच्या पाण्याचा. पाण्याला नाही.

मग एका दुपारी मॅडम कागद घेऊन आल्या. विहीर चांगली झाली, प्या, म्हणाल्या. त्यांची बदलीही झाली होती, लांब. मामांनी बादली सोडली, पाणी शेंदलं, तांब्या भरला आणि तो हातात धरून तसेच उभे राहिले. विचारवेना त्यांना. पुन्हा नाही म्हणाली तर? मी पुढं होणार तेवढ्यात मॅडमच म्हणाल्या.

"आजोबा, पाणी द्या की."

उभ्या उभ्या, वरनं, त्यांनी तो सगळा तांब्या प्यायला. पाणी हनुवटीवरनं गळ्यात, गळ्यातनं ओढणीवर. मामांनी रिकामा तांब्या घेतला आणि तोंड फिरवून परत भरायला गेले. मी रडले. मला लाजबिज वाटली नाही.

हे सगळं मी जावळाच्या मांडवात दाजींना ऐकवलं. सगळेच अधिकारी असे असतात असं मी म्हटलं नाही, त्या ऑफिसातल्या बुधवाराची गोष्टही लपवली नाही. पण ज्या खात्यातून अशी एक बाई आमच्या ओढ्यात उतरली, त्या खात्याला माझ्या पैशातला पगार गेला तर खुशाल जावो, असं म्हटलं. दाजी हसले. रिटायर माणसाचं हसणं. म्हणाले, वहिनी, एका विहिरीसाठी एवढं मोठं खातं पोसायचं का?

मामा कोपऱ्यात बाजेवर पडून होते. आता त्यांना ऐकू कमी येतं, डोळ्यांनाही तसंच आहे, म्हणून त्यांना कुणी गप्पांत धरत नाही. आमच्यात जावई म्हणजे देवापेक्षा एक पायरी वर. इतक्या वर्षांत मामांनी दाजींना दुखावणारं एक अवाक्षरही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ते कोपरावर उठून बसले.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "मग त्यो तांब्या खाली ठिवा."

दाजींनी तांब्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. नणंदेनं माझ्याकडं डोळे वटारले, जसं काही ते मीच बोलले होते. मग दाजींनी तांब्या उचलला आणि उरलेलं पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं.

मामा परत आडवे झाले. मी पत्रावळ्या उचलल्या.