पेंडसे सरांची रविवारची कंपनी

दिल्लीतले चार मराठी लोक जमले की पहिल्या चहाला गणपतीची वर्गणी आणि दुसऱ्या चहाला पेंडसे सर! आमच्या ग्रुपचं हे ठरलेलंच आहे. मुलं कॉलेजात गेली, सरोजिनी नगरचं सरांचं सरकारी क्वार्टरही पाडलं, पण किस्से काही संपत नाहीत. दर वेळी एखादा नवा निघतो आणि मी ओरडते, "अय्या, हा मला कसा माहीत नाही!"

सर केंद्र सरकारात अधिकारी. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून रविवारी सकाळी दहाला आमच्या मुलांना पैशांबद्दल शिकवायला लागले. बचत, व्याज, शेअर बाजार, सगळं मराठीत. मी दिल्लीतल्याच द्वारकेहून निनादला, म्हणजे माझ्या मुलाला, घेऊन जायची आणि त्यांच्या स्वयंपाकघरात चहा टाकायची.

पहिल्या दिवशी सरांनी वीस मुलांकडून दहा-दहा रुपये घेतले आणि कागद कापून प्रत्येकाला पाच शेअर दिले.

"हा क्लास म्हणजे आपली कंपनी. शंभर शेअर, वीस मालक. मोठा निर्णय घ्यायचा तर मतदान. एका शेअरला एक मत!"

"सर, तुमचे किती शेअर?"

"एकही नाही. मी तुमचा नोकर!"

आमचा निनाद लगेच म्हणाला, "मग सर, पानी ले आओ ना!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र खरंच उठले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

*

एकदा किंमत कशी ठरते ते शिकवायला सरांनी मुलांना सरोजिनीच्या बाजारात नेलं. प्रत्येकाच्या हातात शंभर रुपये. अर्ध्या तासात सगळे परतले, समीरचा पत्ता नाही. सर दुकानादुकानात डोकावत फिरले!

शेवटी सापडला एका टी-शर्टवाल्याकडे, स्टुलावर उभा राहून ओरडत होता, "सौ में दो, सौ में दो!" त्याने म्हणे दुकानदाराला विचारलं होतं, "भैया, आपका मार्जिन कितना है?" दुकानदार इतका खूश झाला की त्याने सगळा धंदा समजावला आणि वर कामालाही लावलं.

"सर, तुम्ही जा," समीर म्हणाला. "मला जॉब लागलाय!"

*

महागाईचा धडा चालू होता. सर म्हणाले, "मी दिल्लीत आलो तेव्हा चहा आठ आण्याला मिळायचा."

पुढच्या रांगेतून आवाज आला, "मग सर, तेव्हाच भरपूर पिऊन घ्यायचा ना यार!"

*

एकदा मुलांनी वहीत खोटे-खोटे शेअर घेतले आणि त्याच आठवड्यात बाजार धाडकन पडला. निनादने जेवण सोडलं. माझ्या सासूबाईंनी थेट सरांनाच फोन लावला.

"काय हो, आमच्या नातवाचे किती बुडाले?"

"आजी, एक रुपयाही नाही. ते नुसतं कागदावर."

"मग कागदावर थोडे वाढवून द्या की! दोन पोळ्या तरी खाईल पोरगं."

*

आणि मग सर रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं, पुण्याला मुलाकडे जायचं. त्या दिवशी स्वयंपाकघरात ते मला म्हणाले, "तिकडे सगळं आहे हो. एक खोली आहे, सून चांगली आहे. फक्त मला काम नाही. रविवारी सकाळी दहाला मी करू काय?" मी उगाचच चहात पुन्हा साखर घातली.

क्लास बंद होणार म्हटल्यावर मुलांना ते शेअर रद्दी वाटायला लागले. फक्त गाझियाबादची शर्वरी, कधी तोंड न उघडणारी, ते विकत घ्यायची. कुणाला चॉकलेट, कुणाला खोडरबर. निनादने तर गणिताच्या होमवर्कच्या बदल्यात पाचही देऊन टाकले!

सर हसले. "अगं, बुडत्या कंपनीचे शेअर घेतेस?"

"मला ही एकच कंपनी समजते, सर," ती म्हणाली.

शेवटचा रविवार आला. सरांना त्रास द्यायचा नाही, हट्ट करायचा नाही, असं आम्ही आयांनी मुलांना घरूनच बजावलं होतं. सरांनी फळा पुसला. "चला, आपली कंपनी आज बंद."

शर्वरी उभी राहिली. "सर, मतदान."

"अच्छा! विसरलोच बघ. बंद करायची म्हणणारे, हात वर!"

घरी शिकवल्याप्रमाणे एकोणीस हात वर गेले. निनादचा डोळे पुसत पुसत.

"विरोधात?"

एकच हात.

"एकोणीस विरुद्ध एक," सर म्हणाले.

"सर, हात नाही मोजायचे. शेअर मोजायचे." तिने दप्तरातून रबर लावलेला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. सरांनी मोजला. पुन्हा मोजला. एक्कावन्न!

"शर्वरी, अगं बाळा, माझं उद्याचं तिकीट आहे!"

"तुम्ही नोकर आहात ना सर? पुढच्या रविवारी दहा वाजता, आमच्याकडे. आईला विचारलंय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अगदी ऑफिसातल्यासारखं विचारलं, "आणि मॅडम, मला राजीनामाच द्यायचा असेल तर?"

"बिल्कुल द्या," शर्वरी गठ्ठ्याला रबर लावत म्हणाली. "मतदान घेऊ."