सोबत : दात, एक

विषय : सकाळच्या बॅचमध्ये पोहणाऱ्या मुलांचे दात तपकिरी पडणे व आंबणे.
संदर्भ : नातीची तोंडी तक्रार.

माफ करा. उभा जन्म कचेरीत कारकुनी केली. विषय-संदर्भ घातल्याशिवाय मला किराण्याची यादीसुद्धा सुचत नाही. सेवानिवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, किस्से संपले. पण सुनेनं नातीला, म्हणजे अकरा वर्षांच्या रेवतीला, रोज पहाटे आदिलाबादच्या तरणतलावावर न्यायचं काम मला लावलं, आणि किस्से रेकॉर्ड रूममधल्या जुन्या मिसलींसारखे, म्हणजे फायलींसारखे, साचत गेले. कुणी मागत नाही, कुणी टाकत नाही. एक ओढली की दहा अंगावर पडतात!

*

पहिली मिसल शाळेची. रेवती आणि तिच्या बॅचच्या दोघींचे पुढचे दात तपकिरी दिसले म्हणून एका मास्तरांनी तिघींना रांगेत उभं केलं.

"खर्रा कोण देते तुमाले?"

"सर, आमी खर्रा नाही खात, आमी पोयतो."

"पोयल्यानं दात लाल होते काय? मले शिकवून राह्यली?"

दप्तरं तपासली. तीन गॉगल, तीन टोप्या आणि एक ओला टॉवेल सापडला. मग पालक म्हणून मला बोलावणं आलं. तंबाखूच्या व्यसनाचे दुष्परिणाम मास्तरांनी मला इतके पोटतिडकीनं सांगितले की मध्येच त्यांना थांबावं लागलं. ते उठले, खिडकीबाहेर लांब पिचकारी टाकली आणि परत येऊन बसले.

"हां, तर मी काय सांगून राह्यलो होतो?"

*

पोहून आलं की मुलांचे दात आंबायचे. पोळीचा तुकडा चावला तरी तोंड वाकडं! तलावाच्या भिंतीलगत चिंचेचं झाड आहे. सगळ्या आयांनी एकमतानं झाडाला आरोपी ठरवलं. कोचकडे तक्रार गेली, कोचनं पालकांची कमिटी नेमली, कमिटीनं झाडाची पाहणी केली. शिफारस : हाताला येणाऱ्या फांद्या तोडाव्यात.

फांद्या तोडल्या. दात आंबतच राहिले. कमिटी मात्र अजून आहे.

*

आमच्या सौभाग्यवतीचा कमिटीवर विश्वास नाही. तिनं कोळसा वाटला, मीठ घातलं आणि रेवतीचे दात पितळी घागर घासावी तसे आठवडाभर घासले. दात चकचकीत झाले, पण साधं पाणी पितानाही पोरगी डोळे मिटू लागली.

शेवटी दाताच्या डॉक्टर श्रावणी यांच्याकडे नेलं. त्यांनी तोंडात बत्ती मारली आणि आधी माझ्याकडे पाहिलं.

"अंकल, हे कोणी घासलं?"

"घरच्यांनी."

"डाग वर होता. तुम्ही खालचं कवच पण काढायला लागलात."

मग त्यांनी समजावलं : तलावाचं पाणी आंबट झालेलं दिसतंय. अशा पाण्यात रोज तास-दोन तास काढले की दाताचं कवच झिजतं. आणि क्लोरिनच्या पाण्यात फार पोहणाऱ्यांना डागही पडतात. डाग दवाखान्यात निघतात, झिजलेलं कवच मात्र परत येत नाही. पोहून झालं की साध्या पाण्यानं चूळ भरायची, लगेच ब्रश करायचा नाही. आणि पाण्यात तोंड श्वासापुरतंच उघडायचं, गप्पांसाठी नाही.

ही शेवटची सूचना रेवतीनं पाळली त्या दिवशी कोचनं घड्याळ दोनदा पाहिलं. तिची आजवरची सगळ्यांत चांगली वेळ!

*

पण सून सुनीता हिच्या डोक्यात एकच वाक्य बसलं : कवच परत येत नाही. तिनं घरात आदेश काढला. "पाणी तपासून बरोबर आल्याशिवाय पोरगी तलावात उतरणार नाही."

हैदराबादच्या निवड चाचणीला दोन महिने होते. रेवती रोज माझ्यासोबत यायची आणि बाकावर बसून दुसऱ्यांचं पोहणं पाहायची. तिच्या मांडीवरचा टॉवेल कोरडा असायचा. ते काही मला बघवेना.

मी तलावाच्या राजन्नाला गाठलं. पाण्यात क्लोरिनच्या गोळ्या टाकणं त्याच्याकडे; त्या जास्त पडल्या की पाणी आंबट होतं. मी विचारलं, "पाणी कशानं मोजतोस रे?"

"नाकानं, सार. झोंबलं तर बरोबर. नाही झोंबलं तर कमी."

"आणि तुला सर्दी झाली तर?"

राजन्ना विचारात पडला. "म्हणूनच काय सार, संक्रांतीला आठ दिवस किती टाकलं तरी झोंबतच नव्हतं!"

त्याच आठ दिवसांत रेवतीचा काळा पोशाख विटून चहाच्या रंगाचा झाला होता. सर्दी राजन्नाला, औषध सगळ्या बॅचला.

*

मी अर्ज लिहिला. पाणी तपासायच्या पट्ट्या आणि आंबटपणा मारायला सोडा मिळावा, एवढंच. पुरावा रेवतीनं दिला. तिचा दुधाचा शेवटचा सुळा पडला होता. आजी म्हणत होती, कौलावर फेक. पण हिनं तलावाचं पाणी भरून दात त्या बाटलीत ठेवला, रोज पाणी बदललं. काही आठवड्यांत दात खडूसारखा खरखरीत झाला! मी तो पुडीत बांधून अर्जाला टाचला आणि खाली शिरस्त्याप्रमाणे लिहिलं : सोबत : दात, एक.

कचेरीत अर्ज घ्यायला दिगंबर. हा माझ्याच हाताखाली शिकलेला.

"बडेबाबू, दात म्हणजे आरोग्याचा विषय. तिकडं द्या."

आरोग्यवाले म्हणाले, पाण्याचा विषय. पाणीवाले म्हणाले, पोरांचा विषय, क्रीडा विभागाकडे द्या. तिथून पुन्हा दिगंबर.

"अरे, काऊन फिरवून राह्यला मले?"

तो उभा राहिला. नम्रता माझीच शिकवण. "बडेबाबू, तुमीच सांगत होते ना, पहिल्या खेपेला अर्ज घेतला तर मानसाले किंमत राहात नाही?"

चौथ्या खेपेला घेतला. आठ दिवसांनी शेरा आला : "मूळ दात जोडू नये. साक्षांकित प्रत जोडावी."

*

तिकडे डॉक्टर श्रावणींनीच पट्ट्यांची एक डबी मागवून राजन्नाच्या हातात ठेवली. पट्टी बुडवली, पिवळीजर्द, म्हणजे पाणी आंबट! राजन्नानं ती नाकाला लावून पाहिली, मग मान हलवली आणि कपाटातून सोड्याचं पोतं काढलं. ते तिथंच होतं. कोणी विचारलं नव्हतं.

आंबटपणा उतरला, पट्टी लालसर यायला लागली. सुनेनं चार दिवस स्वतः येऊन पट्ट्या पाहिल्या आणि पाचव्या दिवशी रेवतीच्या मांडीवरचा टॉवेल उचलून स्वतःच्या खांद्यावर टाकला. "जा."

पोरगी हैदराबादला जाऊन आली. निवड झाली. दात आंबत नाहीत.

*

आता रेवतीला तिचा दात परत हवा होता. तिला घेऊन मी दिगंबरकडे गेलो. त्यानं मिसल काढली. पुडी जागच्या जागी, वर शिक्का.

"मूळ परत पायजे तर दातवालीनं सोता हजर राहून ओळख पटवा लागते."

"ही काय, हजर आहे."

"बाळ, आ कर."

रेवतीनं आ केला. दिगंबरनं चष्मा कपाळावर सरकवला, टेबलावरून वाकून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग खाली बसून मिसलीत लिहिलं आणि आमच्याकडे फिरवलं :

"तपासणी केली. जागा रिकामी आढळली नाही. अर्जदाराचा दावा सिद्ध होत नाही."

दात मिसलीत आहे. अर्ज प्रलंबित आहे.