डीजे काकूंचे मोकळे हात

गाणं कानावर पडलं की डीजे काकूंचे पाय हलायचे, पण ते नाचाचे पाय नव्हते. ते शिलाई मशीनचे पाय होते. टेबल-खुर्चीच्या पंगतीत बसलेल्या असोत की रिक्षात, एक पाय पुढे, एक मागे ठेवून त्या नसलेलं पायडल मारायला लागायच्या. गाण्याचा वेग त्यांच्या आधी पायांना कळायचा.

इंदिरानगरात आमच्या सोसायटीत तळमजल्यावर त्या ब्लाउज शिवत. काकांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे घरात चिंध्या आणि वायरी एकाच टोपलीत. नव्वदच्या दशकात सोसायटीने नवरात्रात दांडिया सुरू केला, तेव्हा काकांनी दोन टेप आणि स्पीकर दिले आणि चालवायलाही तेच बसले. एक गाणं संपायचं, मग खरखर, मग काका चष्मा शोधणार, मग दुसरं गाणं. तोवर बायका टिपऱ्या घेऊन ताटकळत उभ्या. दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्यांना उठवलं. "तुम्ही दुरुस्त करा, चालवते मी," म्हणाल्या. काकाही सुटल्यासारखे उठले.

पहिलं गाणं संपायच्या आत दुसरं त्याच ठेक्यात खालून आणायचं, ही काकूंची रीत. टेपच्या मोटरला वेग कमीजास्त करायचा एक बारीक स्क्रू असतो. काकू तो शिलाई मशीनच्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवत. एका कानाला हेडफोन, दुसरा कान मैदानाकडे. "जोड दिसला की शिलाई फसली," असं त्यांचं म्हणणं. पुढे सीडी आल्या, वेगासाठी सरकवायची पट्टी आली, स्क्रू ड्रायव्हर गेला. मान मात्र खालीच. एकदा मी म्हटलं, काकू, जरा वर बघा की, आम्ही काय झकास नाचतोय. "बघायला गेले की घसरतं गं," म्हणाल्या.

रिंगणात सगळ्यांत पुढे असायची माझी आई. बाबा गेले आणि तिने टिपऱ्या माळ्यावर टाकल्या. एक नवरात्र गेलं, दुसरं गेलं, ती आपली कडेला खुर्ची टाकून बसलेली. मी विनवलं, रागावले, चक्क भांडले. "माझं झालं आता, तुम्ही नाचा," एवढंच उत्तर. मला ते फार लागायचं. बाबांबरोबर हिचं नाचणंही का जावं? काकूंना हे सगळं ठाऊक होतं. "माझे दोन्ही हात अडकलेत, नाहीतर वहिनींना मीच उठवलं असतं," असं त्या मला म्हणायच्या. मला ते आपलं बोलण्यापुरतं वाटायचं.

पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने, संजूने, लॅपटॉप आणला. त्यात दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवायचं बटण होतं आणि संजू त्याला हात लावायला तयार नव्हता. काकूंच्या हाताखाली कान तयार झालेला, त्याचा त्याला केवढा माज. "आई, हे चीटिंग आहे. कानाने जुळवतो तोच डीजे." मला वाटलं, काकू लेकाची पाठ थोपटणार. छे. "मग ब्लाउज मी हाताने शिवू का रे? मशीनवर शिवते म्हणून मी शिंपीण नाय?" माहेर देवळ्याचं, चिडल्या की माहेरची बोली वर यायची.

बटणावर त्यांचा आंधळा विश्वासही नव्हता बरं का. नवी गाणी ते बिनचूक जुळवायचं. जुन्यांत फसायचं, कारण त्यातला ढोलकीवाला खराखुरा माणूस, रंगात आला की पुढे पळतो. "हे एकदाच माप घेतं. माणूस दिवाळीनंतर जाडा होतो, त्याचं काय?" म्हणून नव्याला बटण आणि जुन्याला हात, असा त्यांनी निकाल दिला. संजू दोन दिवस तोंड फुगवून होता.

काकू आता नाहीत. मला त्या आठवतात त्या त्याच नवरात्रातल्या. त्या संध्याकाळी त्यांनी ओळीने नवी गाणी लावली, बटण दाबलं, पदर खोचला आणि स्टेजवरून उतरून सरळ आईसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"उठा वहिनी, मला शिकवा."

"मी? अहो, लोक काय म्हणतील."

"लोक मलाच हसणार आहेत. मला काय येतंय?"

खरंच येत नव्हतं. एवढी वर्षं सगळ्या सोसायटीला नाचवणाऱ्या बाईला स्वतःची टिपरी ठेक्यात मारता येईना. आई खुर्चीतूनच सांगू लागली, "आधी उजवी, मग वळा." काकू भलतीकडेच वळल्या आणि शेजारच्या बाईंच्या बोटांवर टिपरी हाणली. आईला राहवेना. ती उठली. मला इतकं भरून आलं की मी नाचायचीच थांबले.

तेवढ्यात घोटाळा झाला. नव्या गाण्यांच्या ओळीत एक जुनं राहून गेलं होतं. बटणाने ते जुळवायला घेतलं आणि दोन ठेके एकमेकांत अडकले. सगळं रिंगण टिपऱ्या वर धरून जागच्या जागी थांबलं. संजू लॅपटॉपकडे धावला. त्याच्या आधी आईने टाळी धरली, मोठ्याने, आणि रिंगणात चालायला लागली. बायका तिच्या मागे निघाल्या. संजूने हेडफोन कानाला लावून गाणं तिच्या टाळीवर आणून बसवलं.

काकू मध्येच उभ्या, घामाघूम. "जाऊ का मी आता वर? पोराला एकट्याला जमायचं नाय."

आईने त्यांचं मनगट धरलं. "त्याला जमतंय. तुम्हाला अजून काही येत नाहीये. चला, उजवी."