परक्या रानातली वेळअमावस्या

तामलवाडीतून परदेशी जाणारी पहिली बाई मी, असं मला वाटत होतं. पण सोलापूरच्या एसटीत शेवंताकाकू माझ्या आधी चढल्या, त्यामुळं पहिल्या त्याच, असं त्यांचं म्हणणं. विमानातही त्या माझ्या पुढंच चढल्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका मित्रदेशाच्या सहकारी शेतावर दगडी बांधबंदिस्ती शिकवायला दोन बायका हव्या होत्या. काकू बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर बांध घालायला शिकल्या आणि पुढं गावोगाव मुकादम म्हणून फिरल्या. मी घरातली पहिली बीए. हिंदी-इंग्रजी येत होतं, चित्रं बरी जमत होती. सहकारातून माणूस बदलतो यावर माझा पक्का विश्वास होता, अजूनही आहे. आईनं फक्त एवढंच विचारलं, तिथं पोटभर देतात ना.

देशाचं नाव लिहीत नाही. तिथं राहणाऱ्या एका मुलीला त्याचा त्रास होऊ नये म्हणून.

तिकीट त्यांच्याच सरकारचं. सोलापूर ते मुंबई रेल्वे, मग दोन विमानं, मग एक दिवसभराची आगगाडी. तिच्या खिडक्यांना पडदे होते आणि ते सरकवायचे नव्हते. कुणाला अशा देशात जायचा योग आलाच तर लोकरी मोजे, साबण आणि घरचं पीठ न्या. पैशांची काळजी करू नका, खर्च करायला दुकानच दाखवत नाहीत. कॅमेरा घरी ठेवा. माझा नाक्यावरच जमा झाला, म्हणून तर ही सगळी चित्रं आहेत. पहिल्या चित्रात काकूंच्या तिखटाची पुडी हुंगून शिंकणारा अधिकारी आहे. काकूंनी त्याला तिथल्या तिथं शंभर वर्षं आयुष्य दिलं.

स्टेशनवर आमची दुभाषी उभी होती. माझ्याच वयाची, घट्ट वेणी, पुस्तकातून शिकलेली हिंदी. दर दोन वाक्यांनंतर ती म्हणायची, “कृपया उस ओर न देखिए.” पहिल्याच दिवशी काकूंनी तिला अडवलं. “बेटी, पानी किधर से आता वो तो देखना पडता. न्हाय तर बांध कुठं घालू, तुझ्या डोक्यावर?” शेवटचे शब्द मी भाषांतरित केले नाहीत.

रोज संध्याकाळी माझी चित्रं ती तपासायची. चौकातला नेत्यांचा पुतळा मी कमरेपर्यंत काढला होता, तो परत काढावा लागला. पुतळा पायासकट हवा, असा नियम. मी पाय काढले. काकू म्हणाल्या, बूट जरा मोठेच झालेत. दुभाषीनं मान खाली घातली. ती हसत होती का, मला दिसलं नाही.

काम मात्र मजेत चाललं. उघड्या, तहानलेल्या टेकड्या अगदी आपल्या बालाघाटासारख्या. शेतावरच्या बायका भराभर शिकल्या. मोठा दगड खाली, फटीत कपच्या, दगडाचं तोंड उताराकडं. खांबावरच्या कर्ण्यातून सकाळपासून संचलनाची गाणी वाजायची आणि काकू त्याच तालावर दगड पुढं सरकवायच्या. बायकांना त्यांची नक्कल साधली होती. पुढच्या चित्रात एकीनं ओढणीचा पदर काकूंसारखा कमरेला खोचलाय.

जेवायला मात्र वेगळं व्हायचं. बायका रानातल्या छपरात आणि आम्ही दोघी पाहुण्यांच्या मोठ्या दालनात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, भोवती सगळ्या खुर्च्या रिकाम्या. परदेशी माणसानं सभासदांबरोबर जेवायचं नाही. काकूंना घास जाईना. गावात आमच्या वस्तीत त्या कधी जेवल्या नव्हत्या आणि त्यांच्या ओसरीवर मी. तो विषय आम्ही दोघींनीही काढला नाही, पण त्या दालनात आमच्या खुर्च्या रोज जवळ येत गेल्या.

निघायला आठवडा राहिला तेव्हा काकूंनी माझी दिनदर्शिका पाहिली. वेळअमावस्या येत होती. त्या दिवशी आपल्याकडं सगळं गाव रानात जेवतं आणि बांधावरून जाणाऱ्याला हात धरून बसवतं. काकू म्हणाल्या, “ज्यांच्यासंगं बांध घातला त्यांच्यासंगं एक घास न्हाय खाल्ला, तर आपण आलोच न्हाय म्हणायचं.”

दुभाषीला विचारलं. तिनं सावकाश सांगितलं की, नियम मोडला तर आम्हाला घरी पाठवतील, पण तिला कुठं पाठवतील ते तिला माहीत नव्हतं.

तरीही अमावस्येला सकाळी काकूंनी मक्याच्या ताटांची कोपी, म्हणजे छोटी खोप, उभारली. पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून आत मांडले. तिथल्या घेवड्या-वाटाण्यांची, पालेभाजीची भज्जी केली, आपल्या ज्वारीच्या पिठाची आंबील केली. आमच्या घरी पांडव पुजत नाहीत, पण चूल मीच पेटवली. वास सुटला तशा बायका जवळ आल्या आणि चार हातांवर थांबल्या.

तेवढ्यात शेताचे प्रमुख आले. लांब कोट, टोपी, अबोल माणूस. त्यांनी दगडांकडं बोट केलं. त्या देशात देवधर्माला बंदी आहे आणि आपण काय मांडून बसलोय, हे मला तेव्हा कळलं.

काकूंनीच उत्तर दिलं. “पाच भाऊ हायेत. रान राखत्यात. आज आदी त्यांना वाढायचं, मग बांधावर जो असंल त्याला. कुणाला वगळायचं न्हाय.”

मी ते हिंदीत सांगितलं. दुभाषीनं दगड पाहिले, बायकांकडं पाहिलं. मग ती बोलायला लागली. काकूंच्या बोलण्यापेक्षा किती तरी जास्त बोलली. प्रमुखांनी कोपीभोवती एक चक्कर मारली, टोपी काढली आणि खाली बसले. मग सगळ्या बायका बसल्या. प्रमुखांना आंबिलीतल्या मिरचीचा ठसका लागला. डोळे पुसून त्यांनी वाटी परत पुढं केली.

सगळे पांगल्यावर मी दुभाषीला विचारलं, काय सांगितलंस?

“पाँच भाई थे. ज़मीन बाँटी नहीं. साथ जोती, साथ खाया. भारत की पहली सहकारी संस्था.”

काकू हसून हसून बांधाला टेकल्या. “अगं, त्यांची तर बायकू बी एकच हुती. ते सांगितलंस का?”

मी लाजत भाषांतर केलं. ती तोंडावर हात धरून इतकी हसली की खोकायला लागली.

शेवटच्या संध्याकाळी तिनं सगळी चित्रं तपासून परत दिली. जेवणाच्या पंगतीचं तेवढं हातात ठेवलं. त्यात टोपी काढलेले प्रमुख होते, बोटं चाटणाऱ्या बायका होत्या, ती स्वतः होती.

“यह नहीं जा सकता,” ती म्हणाली आणि तिनं ते शेगडीत घातलं. मग हळू म्हणाली, “घर जाकर फिर बनाइए. चेहरे दूसरे रखिए.”

काकूंनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्याचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

तामलवाडीत परतल्यावर मी ते चित्र नव्यानं काढायला बसले. कोट, ओढण्या, टेकड्या आठवत होत्या, चेहरे हवे होते. काकूंनी त्यांच्या गल्लीतल्या बायका आणल्या, मी आमच्या वस्तीतल्या. पहिल्यांदा त्या दोन बाजूंना बसल्या. मी म्हटलं, तिथं एकच ओळ होती, मला तशीच काढायचीय. जरा कुजबुज झाली. मग काकू उठून माझ्या आईच्या शेजारी जाऊन बसल्या आणि बाकीच्या सरकल्या.

“मी कुणाच्या जागी बसलेय?” आईनं विचारलं.

मी सांगितलं, आंबील तीनदा मागून घेतली तिच्या.

“मग मला हसताना काढ,” आई म्हणाली.